भरतीच्या वेळी पक्षी जातात कुठे?

परवा रविवारी, ४ जानेवारीला, सकाळी साडेसहाला भुईगावच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा झालेली, त्यामुळे चंद्र पश्चिमेला समुद्रावर तसाच होता. पाणी पार लांब गेलेलं. पाठीमागून गार वारा, आणि समोर अंधारात नुसते आवाज. थंडीत आपल्या किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचं म्हणजे पहिला अर्धा तास ऐकायचंच काम असतं.

शहरात सध्या प्रचाराची धामधूम आहे. १५ तारखेला महापालिकेचं मतदान. रिक्षांवर भोंगे लागलेत आणि "यंदा कुठल्या पक्षाचं काम?" असं भेटेल तो विचारतो. म्हटलं, एक दिवस तरी पक्षांचं सोडून पक्ष्यांचं बघू. पण फिरून फिरून विषय महापालिकेवर, जमिनीवर आणि पाण्यावरच आला. त्यामुळे पोस्ट लांब आहे. रविवारची चहाची वेळ काढून वाचा.

उजेड फुटला तसे आधी कुरव दिसले. कुरव म्हणजे आपण ज्याला सरसकट सीगल म्हणतो ते. ओल्या वाळूवर सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे. यात तपकिरी डोक्याचा कुरव असतो आणि काळ्या डोक्याचाही, आणि गंमत अशी की थंडीत दोघांचीही डोकी पांढरीच असतात, कानापाशी फक्त एक काळपट ठिपका राहतो. नवखा माणूस पुस्तकातलं चित्र बघून डोकं शोधत बसतो. खूण पंखांच्या टोकाला आहे. तपकिरी डोक्याच्याचं पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा डाग. हा पक्षी उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर घरटी करतो. म्हणजे आपले लोक सुट्टी काढून, पैसे साठवून जी तळी बघायला जातात, तिथला रहिवासी भुईगावला येऊन बोंबलाच्या तुकड्यासाठी भांडत असतो.

पाण्याच्या कडेला वाळूतले चिखल्या होते. चार पावलं तुरुतुरु पळायचं, थांबायचं, टोचायचं, पुन्हा पळायचं. त्यांच्यात मिसळलेले चिमणीएवढे स्टिंट. वजन फार तर तीस ग्रॅम, आणि जन्म उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. तिथून इथवर येण्याच्या वाटेला शास्त्रज्ञ मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून हा मार्ग जातो, आणि त्यावरची आपली पट्टी म्हणजे रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा.

हे सगळं ओहोटीचं वैभव. आता भरतीचं सांगतो.

आपल्याकडच्या जुन्या कोळी माणसाला भरतीची वेळ बघायला मोबाईल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. प्रतिपदेला त्यात पाऊण तास वाढला की बारा. थोडं मागेपुढे होतं, पण हिशोब चुकत नाही. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त चढणार. रविवारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती होती. नऊनंतर पाणी फिरलेलं डोळ्यांना कळायला लागलं. पक्षी मागे मागे सरकत आले, दाटीवाटीने उभे राहिले. तेवढ्यात किनाऱ्यावर माणसं वाढली, क्रिकेटचे स्टंप रोवले गेले, एक कुत्रं मजेत थव्यात घुसलं. सगळे उठले, एक गिरकी मारून पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग कुठे गेले कळलं नाही.

मी पंधराएक वर्षं हौसेने पक्षी बघतोय, आणि पहिली कित्येक वर्षं मला वाटायचं की भरती आली की पक्षी बघणं संपलं, घरी जाऊन जेवायचं. भरतीला पक्षी जातात कुठे, हा प्रश्नच पडला नव्हता. उत्तर मिळालं ते लोकलच्या खिडकीतून. विरारहून भाईंदरकडे जाताना नायगावच्या आसपास रुळांच्या कडेला मिठागरांचे चौकोन दिसायचे. ओहोटीला ते रिकामे असायचे आणि भरतीला त्यांच्या बांधांवर राखाडी रंगाचा एक थर असायचा. आधी वाटलं गाळ असेल. एकदा गाडी सिग्नलला थांबली आणि गाळ उडाला.

हिशोब साधा आहे. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं तोंड. ओहोटीला खाडीकाठचा चिखल उघडा पडतो, त्यातले किडे, शिंपले, गांडुळासारखे प्राणी हे या पक्ष्यांचं जेवण. भरतीला पाणी चिखल झाकतं आणि थेट तिवरांच्या बुंध्यांपर्यंत येतं. हे पक्षी पोहणारे नाहीत, आणि तिवरांच्या दाट फांद्यांत बसणारेही नाहीत. त्यांना उघडी, चहूकडे नजर जाईल अशी, घोट्याएवढ्या पाण्याची जागा लागते. भरतीचे तीन-चार तास तिथे एका पायावर उभं राहून झोप काढायची आणि पाणी उतरलं की पुन्हा चिखलात. रोज दोनदा. आपल्या भागात अशी जागा म्हणजे मिठागर.

साडेदहाला नायगाव पूर्वेला पोचलो. ओळखीच्या मुकादमाला आधी फोन केला होता, कारण मिठागर ही कुणाची तरी कामाची जागा आहे, बाग नाही. ज्यांनी मिठागर फक्त रेल्वेतून बघितलंय त्यांच्यासाठी: उधाणाच्या भरतीला उघाडीतून समुद्राचं पाणी आत घेतात. ते मोठ्या तळ्यात साठवतात. तिथून एकाहून एक उथळ वाफ्यांत फिरवतात, ऊन आणि वारा त्याला आटवतात, खारटपणा वाढत जातो आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. पावसाळा संपल्यावर बांध-वाफे नीट करण्यापासून काम सुरू होतं आणि पाऊस आला की थांबतं. म्हणजे एकाच जागेत कमी खारट, जास्त खारट, अति खारट असं वेगवेगळं पाणी शेजारी शेजारी असतं, आणि प्रत्येक पाण्याचे किडे वेगळे. पक्ष्यांच्या दृष्टीने हे झोपायचं घरही आहे आणि खाणावळही. हंगामसुद्धा बरोबर तोच, हिवाळा.

रविवारी बाराला तिथे जे होतं त्याचा आकडा मी देत नाही. मला नीट मोजता आलं नाही, आणि अंदाजे ठोकलेले आकडे पेपरात बघून मी वैतागतो. पण मालगुजांचा मोठा थवा होता, लांब सरळ चोचीचे. लाल काडीसारख्या पायांचे शेकाट्या होते, ते तर आता आपले कायमचेच. तुतवार होते, वाकड्या चोचीचा कोरल एकटाच बांधावर होता. मोठ्या तळ्यात थापट्या बदकं, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल फिरत होती. मध्येच भोवत्या खालून उडत आला आणि सगळं मिठागर एका क्षणात हवेत गेलं. मुकादम म्हणाला, "हा रोज येतो, आमच्यासारखा." पाच मिनिटांनी सगळे परत आपापल्या जागी.

आता थोडा इतिहास, कारण मिठागर आणि पक्षी यांचं नातं एवढ्यावर संपत नाही. घरी येऊन पुस्तकं काढली तेव्हा लक्षात आलं की भारतातल्या पक्ष्यांवर ज्यांनी पहिल्यांदा नीट लिहिलं त्यातले दोन मोठे लोक मिठाच्याच खात्यातले.

पहिला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेत आपण त्याला १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेत भेटलो. पण १८६७ ते १८७० हा माणूस कस्टम्सचा कमिशनर होता. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध हजारो किलोमीटरची चौक्यांची रेघ आखली होती आणि तिच्यावर काटेरी झाडांचं जिवंत कुंपण वाढवलं होतं. ते कुंपण वाढवण्यात ह्यूमने मोठा रस घेतला. राजस्थानातल्या सांभर सरोवराच्या मिठाचा व्यवहारही त्याच्या हातून गेला, आणि तिथले पक्षीही त्याने टिपून ठेवले. त्याने 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्ष्यांचं नियतकालिक चालवलं, पक्ष्यांचे साठ हजारांवर नमुने जमवले. पुढे शिमल्याच्या घरातून त्याची हस्तलिखितं रद्दीत विकली गेली. खचलेल्या ह्यूमने सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. गरिबाच्या मिठावर पहारा बसवणारा आणि भारतीय पक्षीशास्त्राचा जनक हा एकच माणूस. इतिहास असा सोयीचा नसतो.

दुसरा आपल्या जवळचा. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, लिहायचा 'एहा' या नावाने. १८५१ साली साताऱ्यात जन्मला, पुण्यात डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि १८७६ मध्ये मुंबई इलाख्याच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात शिरला. कच्छच्या छोट्या रणातलं खाराघोडा, मग उरण, कारवारकडचा भाग, गोव्याची हद्द, रत्नागिरी. जिथे मीठ तिथे एहाची बदली. मिठागरावर देखरेख करायची म्हणजे दिवसच्या दिवस बांधावरून चालायचं. दुसरा कुणी कंटाळला असता. एहाने आजूबाजूचं सगळं बघून ठेवलं: पक्षी, किडे, बेडूक, डास. एका डासाला तर त्याचं नावही मिळालं. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी निघाली तेव्हा संस्थापकांत तो होता. 'द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' हे त्याचं पुस्तक १९०० सालचं. विनोदी, तिरकस, साहेबी थाटाचं लिहायचा.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापून आलं. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खणलं आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. विरारहून मुंबईला लोकल धावू लागून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पहिली १२ एप्रिल १८६७ ची. म्हणजे आपल्या भागातली दगड, माणसं, पिकं, गाड्या यांची नोंद होत होती. सोपारा हे प्राचीन बंदर, वसईचा किल्ला पोर्तुगीजांचा, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला, हे शाळेतलं पोर सांगेल. पण ज्या खाडीमुळे बंदर झालं, ज्या खाजणामुळे किल्ल्याला वेढा घालणं अवघड गेलं, त्या चिखलाचा इतिहास आपण शिकलो नाही. जुन्या वर्णनांत वसई हे बेट आहे. सोपाऱ्याच्या खाडीने मुख्य जमिनीपासून तोडलेलं. आज नालासोपाऱ्यात उभं राहून हे कुणाला खरं वाटेल? पाण्याला मात्र आठवतं. त्याविषयी पुढे.

पक्ष्यांची मराठी नावंसुद्धा अशीच हरवत होती. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर जंगलात, पाणवठ्यांवर फिरून ती गोळा केली म्हणून आज 'पक्षिकोश' आहे. गेल्या जूनमध्ये ते गेले. ५ नोव्हेंबरचा त्यांचा वाढदिवस ते १२ नोव्हेंबरचा सालिम अलींचा, हा आठवडा राज्य सरकार पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. चांगली गोष्ट आहे. आपल्या कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी घरांत या पक्ष्यांना काय म्हणतात ते मात्र अजून आपणच लिहून काढायला हवं. घरात आजी-आजोबा असतील तर आज विचारा आणि खाली कमेंटमध्ये टाका.

आता मुद्द्यावर येतो.

१९८० च्या दशकाच्या शेवटी हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरची माणसं रस्त्यावर उतरली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, पण घरात त्या सभांची चर्चा चालायची ती आठवते. वाड्या, विहिरी, टँकर. आज पश्चिमेला जे काही हिरवं उरलंय ते बऱ्याच अंशी त्या लढ्यामुळे. पण त्या हिरव्या चित्रात मिठागर नव्हतं, असं मला आता वाटतं. मिठागर हिरवं नसतंच. ते करडं, पांढरं, उन्हात डोळे दिपवणारं. त्याच्या बाजूने कविता कोण करणार?

कायद्यालाही ते दिसत नाही. तिवरं तोडली तर गुन्हा आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने तर तिवरांचा नाश हा जगण्याच्या हक्काचाच भंग ठरवला. पण मिठागर? केंद्र सरकारचे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम काढून बघा. व्याख्येतच लिहिलंय की मीठ उत्पादनासाठी मुद्दाम केलेल्या जागा पाणथळ धरायच्या नाहीत. म्हणजे पक्षी हजारो किलोमीटर उडून ज्या पाण्यात उतरतो ते नियमाप्रमाणे पाणथळच नाही. डोंगराच्या बाजूला २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झालं. साष्टीच्या दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आहे, तिथे २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला. साष्टीला दोन बाजूंनी कवटाळणाऱ्या या दोन खाड्या. एकीच्या नावाला जगाचा शिक्का, दुसरीच्या काठावर डंपर.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात मी याच जागांची माहिती मागायला गेलो होतो. साहेब भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, "पडीक जमीन आहे हो ती, तिथे आहे काय?" मी पक्षी म्हटलं. ते म्हणाले, "तसं कुठे लिहिलंय का?" मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. लिहिलेलं कुठेच दाखवता आलं नाही.

मिठागरवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मिठाला भाव नाही, कामाला माणसं मिळत नाहीत, खाडीचं पाणी घाण झालंय, अवकाळी पाऊस एका रात्रीत महिन्याचं पीक विरघळवतो. नुसती मिठागरं वाचवा म्हणणं सोपं, आणि म्हणणाऱ्याला सकाळी उठून फावडं मारायचं नसतं. पर्यावरणवाल्या मित्रांना न पटणारी एक गोष्टही सांगतो. मिठागर बंद करून निसर्गावर सोडलं म्हणजे पक्षी वाचले असं होत नाही. बांध फुटला की तिवरं शिरतात, उघडं पाणी जातं, आणि पाणी आतच आलं नाही तर कोरडं रान होतं. मालगुज्याला दोन्ही नको. त्याला चालतं मिठागर लागतं, किंवा मिठागरासारखं पाणी राखणारं कुणीतरी लागतं.

आणि आता पाण्याचं. १० जुलै २०१८ विसरलात? गाड्या बंद, वीज नाही, नालासोपारा-वसई पाण्यात, आणि मिठागरात राहणारी शेकडो माणसं अडकलेली. बोटी घालून लोक काढावे लागले. त्या दिवसांत मी छातीएवढ्या पाण्यातून बातम्या दिल्या. नंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. पावसाचं पाणी थोपवून धरायला धारण तलाव हवेत, ही चर्चा तेव्हापासून आपण ऐकतोय. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी. डोंगराचं पाणी शहर ओलांडून खाडीकडे जातं. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर खाडी पाणी घेत नाही. मग ते पाणी सहा तास थांबणार कुठे? पक्षी जातात तिथेच. उथळ, सपाट, बांधलेल्या, मोकळ्या जागेत. तिथे मातीचा भराव पडला की ते पाणी तुमच्या-माझ्या तळमजल्यावर येतं. २०११ च्या जनगणनेत आपण सव्वाबारा लाख होतो. आज किती आहोत ते लोकलच्या दारात कळतं.

म्हणून या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला, कुठल्याही पक्षाचा असो, एवढंच विचारा: वसई खाडीकाठच्या मिठागरांवर नवा भराव पडू देणार की नाही? जमीन केंद्राच्या मीठ खात्याची आहे, आमच्या हातात नाही, असं उत्तर येईल. ते बऱ्याच जागांबाबत खरंही आहे. पण भरावाचा डंपर महापालिकेच्या रस्त्यावरून जातो, आणि नाल्यांचा नकाशा महापालिकाच काढते.

आणि "कुठे लिहिलंय का" याचं उत्तर आपण तयार करू. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, हौशी लोकच करतात, आपल्या भागाच्या नोंदी तिथे वाढवता येतील. येत्या १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आहे आणि रविवार आहे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याच तारखेला १९८२ मध्ये रामसर करार भारताला लागू झाला होता आणि दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिवस आहे. योग जुळलाय.

नायगाव स्टेशन, पूर्व, सकाळी साडेनऊ. मुकादमाची परवानगी मी घेतो. दहा-बाराच माणसं, जास्त नकोत. टोपी, पाणी, असेल तर दुर्बीण, नसेल तर माझ्याकडे एक जादा आहे. भडक रंगाचे कपडे नकोत. बांधावरून एकामागे एक चालायचं, वाफ्यात पाय घालायचा नाही, तिथे कुणाची तरी मजुरी पिकते. कुरवांना शेव-गाठिया घालणाऱ्यांनी घरीच थांबावं. आणि प्रत्येकाने वही-पेन आणायचं.